खड्ड्याचा तळ झाकण्यापूर्वी

प्रश्न : मी स्वतः लक्ष घालून माझे घर बांधून घेत आहे. घर नऊ कॉलमचे आहे. चार फुटी फूटिंगसाठी (कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद बैठकीसाठी) पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच फूट खोल असे खड्डे नकाशात दाखवले आहेत. त्यांपैकी सात यंत्राने खोदून झाले आहेत. चालकाच्या हातून एक खड्डा दीड फूट जास्त खोल गेला. त्याच्या तळाशी कठीण मुरूम आहे. कंत्राटदार म्हणतो, निघालेलीच माती परत टाकून धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून घेऊ. कोपऱ्यातल्या खड्ड्यात मात्र पाच फुटांवरही काळपट, मऊ माती आणि विटांचे तुकडे लागले. परवाच्या पावसाने दोन खड्ड्यांत पाणी साचले आहे. निघालेली माती सध्या खड्ड्यांच्या काठावरच आहे. उरलेले दोन खड्डे शेजाऱ्यांच्या भिंतीपासून तीन फुटांवर येतात. यंत्र उद्या-परवा परत येईल तेव्हा उरलेले खोदकाम एका दिवसात उरकून लगेच काँक्रीट टाकावे, असा कंत्राटदाराचा आग्रह आहे. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हातात वेळ थोडा आहे. यंत्र उद्या-परवा बोलावू नका आणि तूर्त कोणत्याही खड्ड्यात काँक्रीटचे एक घमेलेही पडू देऊ नका. ज्या अभियंत्यांनी तुमच्या फूटिंगचा हिशेब केला आहे, त्यांनी सगळ्या खड्ड्यांचा तळ स्वतः पाहिल्याशिवाय पुढचे काम सुरू करायचे नाही, एवढे कंत्राटदाराला आजच स्पष्ट शब्दांत सांगा. गळती पुढेही शोधता येते, गिलावा फोडून नळ बदलता येतो, स्लॅबचीही दुरुस्ती करता येते. परंतु फूटिंगखालची माती फक्त याच आठवड्यात तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दोन दिवसांच्या घाईपायी ही संधी दवडू नये, असे मला मनापासून वाटते.

तळाकडे वळण्यापूर्वी काठावरच्या मातीबद्दल लिहिले पाहिजे, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. हे वजन खड्ड्याच्या काठावर ठेवणे म्हणजे आतल्या उभ्या बाजूला वरून दाबत राहणे होय, आणि पावसाने भिजलेली बाजू तो दाब किती वेळ पेलेल हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. छातीपर्यंत जरी माणूस मातीत गाडला गेला, तरी श्वास घेण्यासाठी छाती फुगायला जागा राहत नाही. म्हणून पाच-साडेपाच फुटांचा खड्डा “फार खोल नाही” असे कोणी म्हणाले, तर ते मान्य करू नका. दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, या खोलीनंतर खड्ड्याच्या बाजूंना आधार देणे किंवा त्या उतरत्या, पायऱ्यापायऱ्यांच्या कापणे आवश्यक मानले जाते. तुमचा साडेसहा फुटांचा खड्डा ही मर्यादा ओलांडून गेला आहे आणि बाकीचे तिच्या अगदी काठावर आहेत.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. सात फुटांचा खड्डा होता आणि माती काठालगत रचलेली होती. सकाळी काठापासून वीतभर अंतरावर, काठाला समांतर अशी एक बारीक तड मी पाहिली. गवताची काडी जेमतेम आत जाईल एवढीच. “ती कालही होती,” असे मला सांगण्यात आले आणि मी पुढच्या कामाला लागलो. दुपारी आतले दोघे पाणी प्यायला वर आले असताना, दाराच्या फळीएवढा मातीचा पापुद्रा सुटून खाली बसला. आवाज झाला तो धान्याचे पोते जमिनीवर टाकल्यावर होतो एवढाच. खाली राहिलेल्या फावड्याचा दांडा हाती लागायला आम्हांला तासभर उकरावे लागले. देखरेखीची जबाबदारी माझी होती. त्या दिवसापासून काठाला समांतर तड दिसली की मी आधी सगळ्यांना वर बोलावतो आणि मग विचार करतो. तुम्हीही तसेच करा.

तेव्हा पहिले काम म्हणजे खड्डा जेवढा खोल, निदान तेवढ्या अंतरावर माती मागे हटवणे. जागेचा अंदाज घेताना एक गोष्ट लक्षात असू द्या, की खोदलेली माती फुगते. तुमच्या नऊ खड्ड्यांतली घट्ट माती ११२५ घनफूट भरते. सुटी झाल्यावर तिचा ढीग सुमारे १४०० घनफुटांचा होतो, आणि त्यात दगड जास्त असेल तर आणखी मोठा होतो. भरावासाठी लागणारी चांगली माती प्लॉटच्या एका कडेला ठेवून बाकीची बाहेर पाठवा. वरची सुपीक माती मात्र वेगळी ठेवा, कारण झाडांना तीच लागेल आणि पाया भरायला ती उपयोगी नाही. प्रत्येक खड्ड्यात शिडी असावी, यंत्र चालू असताना कोणीही आत असू नये आणि पाऊस पडून गेल्यावर बाजू तपासल्याशिवाय कोणी उतरू नये.

आता नकाशातल्या पाच फुटांचा अर्थ पाहू. कंत्राटदार पाच फूट हा आकडा हुकमासारखा धरून बसला आहे, परंतु आराखडा करताना तो आकडा जमिनीबद्दलच्या अंदाजावर बेतलेला असतो. खरी अट खोलीची नसून मातीची आहे : वरचा ओलावा-सुकावा जिथे फारसा पोहोचत नाही, मुळे जिथे संपतात आणि हिशेबात धरलेला भार पेलणारा, कोणी कधी न हलवलेला थर जिथे लागतो, तिथे पाया बसवायचा असतो. फुगणाऱ्या काळ्या चिकणमातीत त्यासाठी बरेच खाली जावे लागते. थंड मुलुखात जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली जावे लागते. त्यामुळे कोपऱ्यातला खड्डा वेगळा निघाला, यात कोणाची चूक शोधत बसू नका; जमीन तशी आहे आणि ते आता कळले, हे चांगलेच झाले.

दीड फूट जास्त खोल गेलेल्या खड्ड्याचा प्रश्न दिसतो तेवढा अवघड नाही, पण कंत्राटदाराने सुचवलेला उपाय चुकीचा आहे. ती माती परत टाकू देऊ नका. जमिनीतला थर वर्षानुवर्षे वरच्या ओझ्याखाली दबून घट्ट झालेला असतो. एकदा तो उचकटला की पाच फुटी खड्ड्यात हाताने धुम्मस करून तो पूर्वीसारखा होत नाही. मग बाकीची फूटिंग कठीण थरावर आणि हे एकटे दीड फूट जाडीच्या भरावावर, अशी स्थिती होईल. सगळे घर सारखे खचले तर ते बहुधा निभावून नेते. एक कॉलम शेजारच्यापेक्षा जास्त खचला तर भिंत फाटते. साधा ठोकताळा असा, की दोन कॉलमांच्या खचण्यातला फरक त्यांच्यामधल्या अंतराच्या तीनशेव्या भागाला पोहोचला, की भिंतींना भेगा पडू लागतात. बारा फुटांच्या अंतराला हा फरक होतो जेमतेम १२ मिलिमीटर. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढत जाणारी भेग तुम्ही पुष्कळ घरांत पाहिली असेल. अशा कितीतरी भेगांचे मूळ एवढ्याच फरकात असते.

त्याऐवजी दोन मार्ग आहेत. दीड फुटाचा तो भाग एकास चार, आठ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणातल्या साध्या, म्हणजे सळई नसलेल्या काँक्रीटने भरून तळ नकाशाच्या पातळीला आणायचा, किंवा फूटिंगच खालच्या पातळीवर बसवून कॉलम तेवढा लांब करायचा. पहिल्या मार्गाला सुमारे एक घनमीटर काँक्रीट लागते आणि त्यात सिमेंट लागते १८० किलोच्या आसपास. एवढ्यासाठी घराचा एक कॉलम संशयात ठेवू नये. दुसऱ्या मार्गाने जायचे असेल तर ते अभियंत्यांनी ठरवायला हवे, कारण कॉलमची लांबी वाढली की सळईचा हिशेब बदलू शकतो. शिवाय शेजारच्या दोन फूटिंगच्या पातळ्यांत फार फरक असला, तर वरच्या फूटिंगचा भार खालच्या खड्ड्याच्या बाजूवर येतो. मातीत दोन्ही फूटिंगच्या जवळच्या खालच्या कडा जोडणारी रेषा दोन फूट आडव्याला एक फूट उभे यापेक्षा जास्त तीव्र उताराची नसावी, असा दंडक आहे. दीड फुटाच्या फरकाला दोन फूटिंगमध्ये तीन फुटांचे मोकळे अंतर हवे. ते तुमच्याकडे बहुधा असेल, तरी मोजून घ्या.

कोपऱ्यातल्या खड्ड्याची मात्र मला खरी काळजी वाटते. पाच फुटांवर विटांचे तुकडे सापडणे याचा अर्थ एकच : ती जागा पूर्वी कोणीतरी खोदली होती आणि नंतर भरली. तिथे जुनी विहीर, मैल्याची टाकी, कचऱ्याचा खड्डा किंवा पडलेल्या घराचा पाया यांपैकी काहीही असू शकते. हे तपासण्यासाठी खड्ड्याच्या बाजूंना आधार देऊन, तळाच्या मधोमध हातभर चौरस जागा थापीने स्वच्छ तासून घ्या आणि उजेडात नीट पाहा. मूळच्या जमिनीचा रंग एकसारखा असतो किंवा थरांनी बदलतो आणि तिचे ढेकूळ स्वतःच्या शिरांवरून फुटते. भरावाच्या मातीत मात्र काळे, तांबडे, राखाडी ठिपके कसेही मिसळलेले असतात आणि त्यांत कोळसा, काच, खापर, प्लास्टिक असे काही ना काही सापडते. त्या तासलेल्या जागेवर अंगठा दाबून पाहा. अंगठा सहज आत रुतला तर माती मऊ आहे. जोर लावून थोडासा खळगा पडला तर ती बऱ्यापैकी घट्ट आहे. फक्त नखाचा ओरखडा उमटत असेल तर ती कठीण आहे. हाच प्रयोग शेजारच्या चांगल्या खड्ड्यात करून दोन्हींची तुलना करा, म्हणजे फरक तुमच्या हाताला कळेल. (ही परीक्षा चिकणमातीला लागू पडते. रेताड जमिनीत पहार एकाच उंचीवरून सोडून ती प्रत्येक खड्ड्यात किती रुतते, ते पाहावे.)

नुसता तळ पाहूनही भागत नाही. फूटिंगखालचा दाब त्याच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट खोलीपर्यंत जाणवत असतो. तुमच्या चार फुटी फूटिंगला ती खोली आठ फूट येते. वर फूटभर कडक कवच आणि त्याखाली जुना गाळ असला तर डोळ्यांना काहीच दिसणार नाही. यासाठी हाताने फिरवायच्या बर्म्याने तळापासून खाली आठ फूट भोक घेऊन, प्रत्येक फुटावरची माती ओळीने कागदावर मांडून ठेवा आणि ती अभियंत्यांना दाखवा. शक्य असेल तर मृदा-चाचणी करणाऱ्यांकडून प्रमाणित पद्धतीने बोअर घेऊन चाचणी करून घ्या. त्यात ६३.५ किलोचा हातोडा ठरावीक उंचीवरून पाडून नळी जमिनीत ठोकतात आणि शेवटचे ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ते मोजतात. भराव आणखी दोन-अडीच फुटांत संपत असेल, तर तेवढे खोल जाऊन साध्या काँक्रीटने वर येता येईल. तो त्याहून खोल असेल किंवा गोल कडेने संपत असेल, म्हणजे विहिरीची शंका असेल, तर खोदत राहू नका. मग फूटिंग रुंद करायचे, ते शेजारच्या फूटिंगशी तुळईने जोडून भार पलीकडे न्यायचा, की पाइल (खोलवरच्या थरापर्यंत नेलेले खांब) घ्यायचे, हा निर्णय हिशेबाने करायचा असतो. तो काठावर उभे राहून, यंत्राचे भाडे चालू असताना होत नाही.

साचलेल्या पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पंप लावून पाणी काढा, पण पंपासाठीचा लहान खळगा फूटिंगच्या जागेबाहेर, खड्ड्याच्या कोपऱ्यात घ्या. पाणी गेल्यावर जो चिखल आणि मऊ थर राहील, तो कठीण जमीन लागेपर्यंत फावड्याने खरवडून बाहेर काढा आणि कमी झालेली उंची साध्या काँक्रीटने भरून घ्या. चिखलात खडी दाबून वरून काँक्रीट टाकण्याची पद्धत मी बऱ्याच कामांवर पाहिली आहे. ती खडी चिखलात तरंगत असते, तिचा आधार होत नाही. यानंतर एक गोष्ट अवश्य तपासा : संध्याकाळी खड्डा कोरडा करून बाजूवर खूण करा आणि पाऊस नसलेल्या रात्रीनंतर सकाळी पाहा. पाणी पुन्हा चढले असेल तर ते पावसाचे नसून जमिनीतले आहे, आणि ही गोष्ट अभियंत्यांना कळलीच पाहिजे, कारण रेताड जमीन पाण्याखाली गेली की तिची भार पेलण्याची ताकद ढोबळमानाने निम्म्यावर येते. पंपातून पाण्याबरोबर रेती येऊ लागली तर पंप लगेच बंद करा. ती रेती तुमच्या, कदाचित शेजाऱ्यांच्याही, पायाखालून येत असते. पुढच्या पावसासाठी प्रत्येक खड्ड्याभोवती मातीचा छोटा बांध घालून वर ताडपत्री टाकून ठेवा.

शेजाऱ्यांच्या भिंतीजवळचे दोन खड्डे यंत्राने आणि एकाच दिवशी मुळीच खोदू नका. आधी भिंतीला लागून, हाताने, हातभर रुंदीचा एक खड्डा घेऊन त्यांचा पाया किती खोल आहे ते पाहा. अर्थात त्यांना सांगून आणि त्यांच्या समक्ष. त्याच वेळी त्यांच्या भिंतीवर आज असलेल्या भेगांची तारखेसह छायाचित्रे काढा आणि मोठ्या भेगांवर प्लास्टरची पातळ पट्टी लावून ठेवा. भेग हलली तर पट्टी तडकते. तुमचा खड्डा त्यांच्या पायाच्या तळापेक्षा खोल जाणार असेल, तर अभियंत्यांच्या लेखी सूचनेशिवाय कुदळ लावू नका. तसे नसले तरी एक खड्डा खोदावा, त्यातले फूटिंग आणि कॉलमचा खालचा भाग भरून, भराव करून घ्यावा आणि मगच दुसरा उघडावा.

पायाखालची थोडीशी माती काढल्याने काय होते, याचे एक मोठे उदाहरण पिसाच्या मनोऱ्याचे आहे. ११७३ मध्ये बांधायला घेतलेला हा मनोरा दक्षिणेकडच्या मऊ मातीमुळे कलत गेला आणि १९९० मध्ये लोकांसाठी बंद करावा लागला. पुढे अभियंत्यांनी उत्तर बाजूच्या पायाखालून तिरकी भोके घेऊन, अतिशय सावकाश, सुमारे ३८ घनमीटर माती काढली. साडेचौदा हजार टनांच्या त्या मनोऱ्याचा माथा तेवढ्याने ४० सेंटिमीटरहून अधिक मागे आला आणि २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. तुमच्या नऊ खड्ड्यांतून निघणारी घट्ट माती सुमारे ३२ घनमीटर आहे. तिथे हे काम कित्येक महिने मोजमाप घेत, मुद्दाम केले गेले. शेजाऱ्यांच्या भिंतीखालून माती निसटली तर ती मोजायला कोणी नसते.

तळ पसंत पडल्यावरची कामे सरळ आहेत. यंत्राच्या दातांनी शेवटचा थर सुटा होतो, म्हणून उरलेल्या दोन खड्ड्यांचे आणि कोपऱ्यातला खड्डा वाढवावा लागला तर त्याचेही शेवटचे सहा इंच हातानेच काढा. सुटी माती झाडून तळ सपाट करा. उतरता तळ चालणार नाही. दोऱ्या पुन्हा बांधून दोन्ही कर्ण मोजा, कारण यंत्राच्या धक्क्याने खुंट्या हलतात आणि कर्ण सारखे नसतील तर घर काटकोनात येत नाही. अभियंत्यांनी तळ पाहिला की त्याच दिवशी तीन-चार इंचांचे पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, टाका, विशेषतः चिकणमाती असेल तर. उघडी चिकणमाती उन्हात तडकते, पावसात लिबलिबीत होते आणि काल पास केलेला तळ आज तोच राहत नाही. फूटिंग आणि कॉलम पक्के झाल्यावर भराव सहा-सात इंचांच्या थरांनी, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मस करून घाला. कंत्राटदाराच्या धुम्मसाची खरी जागा ती आहे.

प्रत्येक तळाचे, शेजारी मोजपट्टी उभी धरून, छायाचित्र काढा आणि त्यावर कॉलमचा क्रमांक व तारीख लिहा. अभियंत्यांची “तळ पाहिला, पीसीसी टाकण्यास हरकत नाही” अशी सहीही खड्ड्यागणिक घ्या. कंत्राटदाराला उद्या रिकामे बसायचे नसेल तर माती मागे हटवणे, पाणी काढणे, बर्म्याने भोक घेणे आणि शेजाऱ्यांचा पाया पाहणे, ही दोन दिवसांची कामे त्याच्यापुढे आहेत. त्यांतल्या एकालाही यंत्र लागत नाही.